ओलावा सांगणाऱ्या पेट्या आणि हवेतली गर्दी



गेल्या दोन वर्षांत गट ऑफिसला येणाऱ्या सभासदांचे प्रश्न बदलले आहेत. बेणे कोणते घेऊ, खताचा दुसरा हप्ता कधी टाकू, लोकरी माव्यावर काय मारू, आणि मुख्य म्हणजे तोड कधी येणार, हे प्रश्न आहेतच. त्यात आता एकाची भर पडली आहे. "साहेब, जमिनीतला ओलावा मोबाईलवर दाखवणारी पेटी घेऊ का? किती लांबनं चालती?"

पेटी घ्या, असे आम्हीच शेतकी खात्यातर्फे सांगत आलो. पाणी मोजून द्यावे, वाफसा बघून द्यावे, हे तोंडाने सांगून थकल्यावर एखादे यंत्र ते काम करीत असेल तर आम्हाला ते हवेच आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ पासून उसात अशी यंत्रे लावून जे काम चालविले, त्याची चर्चा आपल्या गावोगावच्या पारावरही झाली. तेव्हा हा लेख पेटीच्या विरुद्ध नाही. पण "किती लांबनं चालती" हा प्रश्न अपुरा आहे, आणि "आजूबाजूला आणखी किती जणी बोलतात" हा प्रश्न त्याच्या आधी विचारला पाहिजे, असे आमचे मत झाले आहे. ते कसे झाले हे सांगताना आमची स्वतःची एक चूकही सांगावी लागेल. ती सांगून टाकतो.

पेटीचे काम थोडक्यात असे. मुळांच्या थरात एक दांडी रोवलेली असते. ती ओलाव्याचा आकडा काढते. वर खांबाला बसवलेली पेटी तो आकडा बिनतारी हाकेने गावातल्या पाण्याच्या टाकीवर बसवलेल्या मोठ्या यंत्राकडे पाठवते. त्या यंत्राला गेटवे म्हणतात. आम्ही या लेखात त्याला ठाणे म्हणू. ठाण्यावरून आकडा इंटरनेटने तुमच्या मोबाईलवर येतो. म्हणजे साऱ्या व्यवहारात कच्चा दुवा एकच, पेटीची हाक ठाण्याला ऐकू जाणे.

२०२३ च्या आडसाली लागणीत नदीकाठच्या एका गटात आम्ही १२ प्लॉटवर अशा पेट्या बसवल्या. ऑगस्टमध्ये ऊस गुडघ्याएवढा असताना कंपनीच्या माणसाला बरोबर घेऊन पल्ला मोजला. टाकीपासून ९०० मीटरवरच्या शेवटच्या प्लॉटमधूनही शंभरातल्या ९८ हाका पोचत होत्या. आम्ही समाधानाने वहीत आकडा लिहिला, सही केली आणि सभासदांना सांगितले, "बिनघोर राहा." इथेच आम्ही चुकलो. आम्ही मोजले ते लहान उसात, आणि आजूबाजूला दुसरे कोणी बोलत नसताना.

पुढच्या एप्रिलपर्यंत तोच ऊस दहा-बारा फूट झाला. ऐन उन्हाच्या तडाख्यात शेवटच्या प्लॉटच्या सभासदांना मोबाईलवर 'वाफसा आहे' असा आकडा दिसत होता. त्यांनी पाळी पुढे ढकलली. आकडा मंगळवारचा होता. शनिवारपर्यंत नवा आकडा आलाच नव्हता, आणि जुन्या आकड्याची तारीख मोबाईलवर मुंगीएवढ्या अक्षरात होती. ऊस दुपारी पाने गुंडाळायला लागला तेव्हा त्यांच्या ध्यानात आले. पाणी देऊनही ऊस पुन्हा अंगावर यायला दोन आठवडे गेले. ते गट ऑफिसला आले, रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, पेटी खोटं बोलली न्हाई. ती बोललीच न्हाई. पण तुमच्या मोबाईलनं तेवढं तरी सांगाय नको?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मग आमची धावपळ सुरू झाली. आधी बॅटरी बदलली. मग अँटेना बदलली. मग उसाला दोष दिला, आणि तो थोडा खराही होता; दाट हिरवा ऊस लहरी खातो. पण उसाने खाल्ल्या असत्या तर दिवसरात्र सारख्याच खाल्ल्या असत्या. गटाच्या चिटबॉयला एक वही दिली आणि सांगितले, बाबा, तू फक्त कोणत्या पेटीचा कोणत्या तासाचा आकडा आला आणि कोणत्या तासाचा आला नाही, एवढे लिही. तीन आठवड्यांची वही चाळली तेव्हा उलगडा झाला. शेतीची लाइट बंद असेल त्या वेळचे बहुतेक सगळे आकडे आलेले. लाइट आली की पुढचा अर्धा-पाऊण तास कोरा. शिवाय घड्याळाचा तास भरला की त्या ठोक्याचा आकडा हमखास गायब.

मग आम्ही ते रान पायी फिरलो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथे फक्त आपल्या १२ पेट्या होत्या. आठ महिन्यांत टाकीभोवतीच्या दीड-दोन किलोमीटरमध्ये दुसऱ्या एका कंपनीच्या २७ ओलावा-पेट्या आल्या होत्या, आणि ठिबकचे व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या ६० च्या वर बिनतारी पेट्या. लाइट आली, मोटार सुरू झाली, की या व्हॉल्व्हवाल्या साऱ्या एकदम जाग्या होतात. एकीला 'उघड' म्हणायचे, तिने 'उघडले' म्हणायचे, ऐकू नाही आले तर पुन्हा म्हणायचे. ऐकू आले नाही म्हणून पुन्हा बोलायचे, आणि पुन्हा बोलल्याने आणखी ऐकू येत नाही, असा तो फेरा. (सिमकार्डावर चालणारे मोटारीचे स्टार्टर यात धरू नका, ते मोबाईल कंपनीच्या वेगळ्या लहरींवर चालतात आणि त्यांचा या भांडणाशी संबंध नाही.) आणि तासाच्या ठोक्याचे कारण तर हसावे की रडावे असे. आपल्या १२ आणि त्यांच्या २७, साऱ्यांची घड्याळे बरोबर होती, आणि साऱ्यांना तास भरताच बोलायला सांगितले होते.

आमची पिढी रेडिओवर वाढली. शेजारच्या विहिरीवर स्टार्टर दाबला की आकाशवाणीवर खर्रकन आवाज यायचा, आणि रात्री मीडियम वेव्हवर आपल्या स्टेशनात लांबचे कुठले तरी स्टेशन मिसळायचे, हे सर्वांना आठवत असेल. ही त्याच जातीची गोष्ट आहे. फरक एवढाच की रेडिओची खरखर कानाला कळत होती. पेटीची कळत नाही. आकडा येत नाही, बस्स.

आम्ही कृषी पदविकेचे. बिनतारीचे शास्त्र आमचे नव्हे. तरी या प्रकारानंतर एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापकांकडे तीन-चार रविवार बसलो आणि समजेल तेवढे समजून घेतले. ते सभासदांपुढे ठेवतो, कारण पैसे तुमचे जाणार आहेत.

कंपनीचा माणूस येतो, नकाशावर टाकीभोवती कंपासने वर्तुळ काढतो आणि म्हणतो, या वर्तुळात पेटी चालेल. हे वर्तुळ ऐकू येण्याचे झाले. नडण्याचे वर्तुळ त्याहून मोठे असते, आणि ते कोणी काढून दाखवत नाही. जी हाक ठाण्याला समजण्याइतकी मोठी नाही, ती दुसऱ्याची हाक बिघडवण्याइतकी मोठी असू शकते. समजत नाही म्हणजे नडत नाही, असे नाही. जत्रेत लांबच्या तंबूतल्या कर्ण्यावर काय चालले आहे हे कळत नसते, पण जवळच्या माणसाचे बोलणे त्याने बुडते.

दुसरे, नडणाऱ्यांची बेरीज होते. एका लांबच्या पेटीचा आवाज आपल्या पेटीच्या शंभराव्या हिश्शाचा असेल, तर ती एकटी काही करीत नाही. अशा पन्नास एकदम बोलल्या तर तो निम्मा होतो. खालच्या रानाच्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको. एका शेताच्या पाझराने कोणाचे रान क्षारपड होत नाही. वरच्या अंगाला पन्नास जणांनी पाटपाणी मोकाट सोडले की होते, आणि मग विचारायला गेले तर प्रत्येक जण म्हणतो, माझे पाणी ते किती!

तिसरे म्हणजे आड असलेल्यांचे. पाटकरी मध्ये उभा आहे. उभ्या उसाच्या अलीकडून एक जण हाक मारतो, पलीकडून दुसरा. दोघांना एकमेकांची हाक ऐकू येत नाही, म्हणून दोघेही समजतात की आपण एकटेच बोलतोय. पाटकऱ्याला मात्र दोन्ही हाका एकात एक मिसळून येतात आणि एकही कळत नाही. 'बोलण्याआधी कानोसा घे' अशी सोय काही पेट्यांत असते. पण उसाआड, टेकाडाआड ती निकामी ठरते. शास्त्रज्ञांनी हा प्रश्न १९७५ सालीच मांडून ठेवला आहे. तो आपल्या शिवारात यायला पन्नास वर्षे लागली एवढेच.

आता थोडा हिशेब. समजा एका ठाण्याच्या टप्प्यात, एकाच चॅनेलवर, ३०० पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटी दर १५ मिनिटांनी एकदा बोलते. लांबून ऐकू जायचे तर पेटीला सावकाश बोलावे लागते. आपल्याकडे जी लांब पल्ल्याची पद्धत वापरतात तीत अगदी सावकाश बोलले तर एका छोट्या निरोपाला सुमारे १.३ सेकंद लागतात. अगदी भरभर बोलले तर सुमारे ०.०६ सेकंद. सगळ्या सावकाश बोलल्या तर १५ मिनिटांच्या ९०० सेकंदांपैकी ३९० सेकंद बोलण्यात जातात. म्हणजे शेकडा ४३. तर कोणी म्हणेल, मग शेकडा ५७ हाका तरी सुखरूप पोचतील. तसे होत नाही. तुमच्या हाकेच्या १.३ सेकंदांत कोणी मध्ये बोलले तरी ती बिघडते, आणि तुमच्या आधीच्या १.३ सेकंदांत कोणी सुरुवात केलेली असली तरी तिची शेपटी तुमच्यावर पडते. धोक्याचा वेळ दुप्पट. हिशेब केला तर शंभरातल्या फक्त ४२ हाका पोचतात.

याच ३०० पेट्या, याच जागी, तेवढ्याच सावकाश, पण दर सहा तासांनी एकदा बोलल्या, तर शंभरातल्या ९६ पोचतात. नवी यंत्रे नाहीत, नवा खर्च नाही, फक्त कमी बोलणे. आणि आम्ही शेतकी खात्याचा माणूस म्हणून विचारतो, काळ्या रानात सरीने पाणी देणाऱ्याला दर पाव तासाला आकडा हवा कशाला? उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांची पाळी. तिथे दिवसातून चार आकडे म्हणजे चैन झाली. ठिबकवाल्याला थोडे जास्त लागतील, तास-दोन तासांनी. पाव तासाचा आकडा हा दुकानात दाखवायला चांगला असतो, शेताला त्याचा उपयोग नाही.

हे गणित काही नवे नाही. १९७० साली हवाई विद्यापीठाच्या नॉर्मन अब्राम्सन यांनी बेटाबेटांवरची यंत्रे बिनतारीने जोडताना तेच मांडले. ज्याने त्याने मनास येईल तेव्हा बोलावे अशी रीत असेल, तर उपलब्ध वेळेपैकी फार तर शेकडा १८ वेळ सत्कारणी लागतो. आणि 'ठरल्या क्षणीच तोंड उघडायचे, अध्येमध्ये नाही' एवढी शिस्त लावली तर तो दुपटीने वाढून शेकडा ३६ च्या पुढे जातो. पाळीपत्रक पाळणाऱ्या वितरिकेवर पाणी पुरते आणि न पाळणाऱ्यावर पुरत नाही, हे आपण पाण्यात जन्मभर पाहिले. हवेत ते वेगळे का असावे?

परंतु या हिशेबात एक गोष्ट येत नाही, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. दोन हाका एकदम आल्या म्हणजे दोन्ही बुडतातच असे नाही. एक पुरेशी मोठी असेल तर ठाणे ती ऐकते आणि लहान बुडते. आता मोठी कोणाची? टाकीजवळच्याची. अगदी मोकळ्या जागेचा हिशेब धरला तरी अंतर दुप्पट झाले की आवाज चौथाई होतो. म्हणजे टाकीपासून १०० मीटरवरच्या पेटीचा आवाज ८०० मीटरवरच्या पेटीच्या ६४ पट. जमिनीलगत आणि उभ्या पिकातून तर फरक याच्या कितीतरी पुढे जातो. तेव्हा गर्दी वाढली की सगळ्यांचे सारखे नुकसान होत नाही. हेडच्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर आकडे येतच राहतात आणि टेलचा शेतकरी बुडतो. हेडवाला सर्वसाधारण सभेत उठून सांगतो, "योजना उत्तम चालली आहे," आणि तो खोटे बोलत नसतो. आमच्या १२ प्लॉटमध्ये हेच झाले. सरासरी काढली तेव्हा शेकडा ८१ हाका पोचत होत्या. अहवालात हा आकडा शोभून दिसला असता. शेवटच्या प्लॉटच्या मात्र शंभरातल्या तीसही पोचत नव्हत्या. म्हणून कोणी सरासरी दाखवली तर ती घेऊ नका, टेलच्या पेटीचा आकडा मागा.

मग हा व्यत्यय आधी कसा अंदाजावा? नकाशावरच्या वर्तुळांनी नाही, हे वर आलेच. जोड्या जोड्या करून तपासावे म्हटले, ही बोलत असताना ती बुडते का, तर १०० पेट्यांच्या ४९५० जोड्या होतात. त्यात एक गळीत हंगाम निघून जाईल. जोड्या तपासण्याची रीत २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडली, आणि २००६ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी तिला सोपी वाट दाखवली. एका वेळी एकाच पेटीने बोलायचे, बाकी सर्वांनी गप्प राहून ऐकायचे आणि कोणाला किती मोठ्याने ऐकू आले ते टिपायचे. मग दुसरीने बोलायचे. १०० पेट्यांच्या १०० पाळ्या झाल्या की कोणाचा आवाज कोठवर जातो याचा तक्ता हाती येतो, आणि कोण कोणाला नडेल हे त्यावरून बेरजेने काढता येते. पाळी दोन-तीन मिनिटांची धरली तर काम एका रात्रीचे. कंपनीच्या माणसाला पेटीतला प्रोग्रॅम तेवढ्यापुरता बदलावा लागतो. तो कुरकुर करतो, पण करून देतो. आम्ही आमच्या १२ पेट्यांवर हे करून घेतले आहे.

याच्या जोडीला ठाण्याने पंधरा दिवस नुसते ऐकावे. परक्या पेट्या आपल्या सांगण्याने गप्प बसणार नाहीत. त्यांचा गोंगाट कोणत्या तासाला किती, लाइट आल्यावर किती, लाइट गेल्यावर किती, हे यंत्र स्वतः टिपू शकते. चिटबॉयच्या वहीने जे तीन आठवड्यांत कळले ते यातून आधीच कळले असते.

आणि हे एकदा करून भागत नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास बटाट्याच्या शेतात शंभरावर पेट्या लावल्या होत्या. करप्याचा अंदाज यावा हा हेतू. पीक फुलोऱ्यात आल्यावर पेट्यांचा पल्ला पार आखडला. आणि एक नवलाची गोष्ट त्यांना आढळली. हवा दमट असली, म्हणजे रात्री आणि पावसात, की लहरी उलट बऱ्या पोचतात. आम्ही तर उलटे समजत होतो. तुम्ही म्हणाल, बरेच झाले. पण आपली हाक बरी पोचते तशी शेजाऱ्याचीही पोचते आणि ती जास्त लांबून नडायला येते. त्यातून बटाटा तो गुडघ्याएवढा. आपल्या उसाचे काय? को ८६०३२ चा फड उभा असताना जो आडोसा असतो, तो तोड झाल्यावर एका दिवसात नाहीसा होतो. कालपर्यंत पलीकडच्या शिवारातले जे आवाज उसाने अडवले होते, ते आज सरळ आत येतात. म्हणून ऊस भर वाढीत असताना एकदा, तोडीनंतर एकदा आणि पावसाळ्यात एकदा, असे निदान तीनदा मोजले पाहिजे. (तोडीच्या वेळी पेटी काढून घरात ठेवायची असते हे लिहायची गरज नाही असे आम्हाला वाटत होते. पाचट पेटवल्यावर दोन पेट्या वितळल्या तेव्हा गरज आहे हे कळले.)

काही सभासद विचारतात, खांब उंच केला तर? अँटेना उसाच्या शेंड्याच्या वर गेली की आपली हाक चांगली जाते, हे खरे. मग सावकाश बोलण्याची गरजही कमी होते, आणि भरभर बोलणारी पेटी हवेत कमी वेळ घेते. तेवढ्यापुरता उंच खांब फायद्याचा. पण उंच खांबावरची हाक पुढच्या गावच्या ठाण्यालाही जाऊन आदळते. खांबही उंच आणि बोलणेही सावकाश व मोठ्याने, असे दोन्ही कोणी करीत असेल तर तो लग्नातला मांडव सोडून पिंपळावर कर्णा बांधणारा म्हणायचा. खांब उंच केला तर आवाज कमी करा आणि बोलणे भरभर करा. कंपनीचा माणूस आपणहून हे करीत नाही, कारण तक्रार आली तर ती त्याच्याकडे येते, शेजारगावची तक्रार त्याच्याकडे येत नाही.

हे सारे कोणी सरकारी खाते बघत असेल असे वाटेल. नाही. या पेट्या बहुधा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. ८६५ ते ८६७ हा पट्टा केंद्र सरकारने २००५ साली कमी शक्तीच्या यंत्रांना विनापरवाना खुला केला आणि २०२१ साली तो ८६८ पर्यंत वाढवला. चांगलेच केले, नाहीतर एकेका पेटीला परवाना काढत बसलो असतो. पण विनापरवाना म्हणजे काय ते समजून घ्या. तुम्ही दुसऱ्याला व्यत्यय आणायचा नाही, आणि तुम्हाला व्यत्यय झाला तर संरक्षण मागायचे नाही. पट्टा सर्वांचा. तेव्हा टेलच्या शेतकऱ्याची पेटी बुडाली तर अर्ज करायला ऑफिस नाही. पाण्याला निदान पाटबंधारे खाते आहे, शाखा अभियंता आहे, शिव्या घालायला माणूस आहे. इथे तोही नाही.

म्हणून आमचे म्हणणे कारखान्याच्या धोरणाविषयी आहे, आणि ते आम्ही नोकर असूनही मांडतो आहोत. संचालक मंडळाने या पानावर तशी मुभा दिली आहे. आज कारखाना पेटीवर जे अनुदान देतो ते एकेका सभासदाला, त्याने आणलेल्या बिलावर. पेटी कोणतीही, कंपनी कोणतीही. यात आवडनिवड आहे हे मान्य. पण परिणाम असा की एका शिवारात तीन कंपन्या, तीन ठाणी, एकीला दुसरीचा पत्ता नाही. आमचे मत असे की अनुदान गटाला द्यावे. एका टाकीखालचे, एका उपसा योजनेखालचे सभासद मिळून एक ठाणे आणि एक वेळापत्रक ठरवावे. कोणाची पेटी कोणत्या चॅनेलवर, दिवसातून किती वेळा, कोणत्या मिनिटाला बोलेल, हे गट ऑफिसच्या रजिस्टरला नोंदलेले असावे. आपल्या देशातल्या त्या पद्धतीत तीन चॅनेल ठरीव आहेत. एका शिवारापुरते ते वाटून घेता येतात. आणि कंपनीचे निम्मे पैसे ऊस भर वाढीत असताना टेलच्या पेटीच्या शंभरात ९० हाका पोचल्याचे दाखवल्यावरच द्यावेत, एका दिवसाचे नव्हे, लाइटच्या दिवसपाळीच्या आणि रातपाळीच्या आठवड्यांसह पंधरा दिवसांचे.

यावर आक्षेप येतात, ते आम्ही ऐकले आहेत. "ज्याचे पैसे त्याची पेटी, गटाचं काय घेऊन बसलाय," असे एक आबा आम्हाला चावडीवर म्हणाले. आम्ही म्हटले, "आबा, विहीर तुमची, मोटार तुमची. पण रोहित्र?" सगळ्यांनी एकदम मोटारी सुरू केल्या की रोहित्र जळते आणि मग आठवडाभर सगळेच बसतात. ते हसले, पण पटले असे म्हणाले नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गटात भांडणे होतात, ठाण्याचा खर्च कोणी भरायचा यावर सगळे अडते, आणि अडलेल्या गटापेक्षा एकट्याची वाईट चालणारी पेटी बरी. उपसा योजनांचा आपला अनुभव पाहता हे आम्हाला सरळ खोडता येत नाही. म्हणून पहिली दोन वर्षे ठाण्याचा खर्च आणि मोजणीचा खर्च कारखान्याने ऊस विकास निधीतून उचलावा, असे आम्ही सुचवतो. सभासदाच्या माथी तो पुढे घालायचा की नाही हे तेव्हाचे आकडे बघून ठरेल.

तिसरा आक्षेप आमच्याच खात्यातल्या एका सहकाऱ्याचा. ते म्हणतात, तंत्र दरवर्षी सुधारतेय, दोन वर्षांत अशी पेटी येईल की ही कटकटच राहणार नाही. येईलही. पण नव्या पेटीबरोबर पेट्यांची संख्याही वाढेल. मोटारसायकली सुधारल्या म्हणून बाजाराच्या दिवशी पेठेतली गर्दी कमी झालेली आम्ही पाहिली नाही.

तोवर ज्यांनी पेट्या घेतल्या आहेत त्यांनी एवढे करावे. मोबाईलवर आकडा पाहाल तेव्हा आधी त्याची तारीख आणि वेळ पाहा. दिवसभरापेक्षा जुना असेल तर तो नाही असे समजा आणि नेहमीप्रमाणे सरीतली माती मुठीत दाबून बघा. आपली पेटी दर किती मिनिटांनी बोलते हे कंपनीला विचारा आणि पाव तास असेल तर कमी करून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत. तासाच्या ठोक्याला बोलत असेल तर मिनिट बदलून घ्या, सात मिनिटांनी, तेवीस मिनिटांनी, काहीही. व्हॉल्व्हवाल्या पेट्या असतील तर लाइट आल्यावर त्या एकामागून एक जाग्या होतील अशी सोय कंपनीकडून करून घ्या.

नदीकाठच्या त्या गटात आम्ही दुसऱ्या कंपनीच्या माणसाला आणि व्हॉल्व्हवाल्यांना चहाला बोलावून एवढेच केले. ठाणे वाढवले नाही, खांब फक्त दोन उंच केले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा मोजले तेव्हा शेवटच्या प्लॉटच्या शंभरातल्या ८८ हाका पोचत होत्या. आमच्याच ९० च्या अटीत ते बसत नाही, हे खरे. राहिलेल्या बारापैकी बऱ्याच रातपाळीच्या लाइटच्या पहिल्या दहा मिनिटांतल्या आहेत, त्यामागे लागलो आहोत.

सर्व गटांतल्या बिनतारी पेट्यांची नोंद, कारखान्याच्या अनुदानाच्या असोत किंवा स्वतःच्या खर्चाच्या, ऊसनोंदीबरोबरच घेण्यास चिटबॉयना सांगितले आहे. कंपनीचे नाव, पेटीची संख्या, जागेचा गट नंबर आणि किती मिनिटांनी बोलते, एवढेच ते विचारतील. अनुदान कापण्यासाठी ही नोंद नाही. शेजारच्या कारखान्याच्या हद्दीला लागून ज्यांचे रान आहे त्यांनी पलीकडच्या पेट्याही माहीत असतील तेवढ्या सांगाव्यात.